खरवडलेलं रान सावरायचं, तर आधी घरातले हात मोजा

हवामानाच्या माऱ्याने रान बिघडलेल्या लहान शेतकऱ्यांना ते सावरायला मदत करणं, हे माझं काम. पहिल्या भेटीला मी कुदळ नेत नाही, मातीच्या नमुन्याची पिशवीही नेत नाही. एक वही नेते. तिच्या पहिल्या पानावर बारा महिन्यांचे बारा चौकोन आखलेले असतात. घरातल्या माणसांबरोबर बसून ते भरायचे: या महिन्यात रानात कोण असतं, मजुरीला बाहेर कोण जातं, पाणी भरण्यात किती वेळ जातो, गुरांमागे कोण, अंथरुणाला कोण खिळलंय, कुणाचे दिवस भरत आलेत. तास-दीड तास सहज जातो. शेवटी चौकोनांत जी मोकळी जागा उरते, तेवढंच तुमचं भांडवल. अनुदान, बियाणं, अवजारं यांचा हिशोब त्यानंतर.

हे शहाणपण मला एका बाईच्या अकरा दिवसांच्या बदल्यात मिळालं. कामाचं तिसरं वर्ष होतं. नवरा कामासाठी परगावी, घरात सासू, दोन लहान मुलं आणि अर्धा हेक्टर उताराचं रान. दोन पावसाळ्यांत वरची माती वाहून खालचा मुरूम उघडा पडलेला. मी नुकतंच एक प्रशिक्षण संपवून आलेले, डोकं त्यानेच भरलेलं. मोठ्या हौसेने रानभर फक्की मारून पाणी मुरवणाऱ्या खड्ड्यांची आखणी करून दिली. ती बिचारी अकरा दिवस एकटी खणत राहिली. एक कोपरासुद्धा पुरा झाला नाही, तोवर पाऊस आला. पेरणी मागे पडली आणि त्या हंगामात फारसं काही हाती लागलं नाही. पुढच्या वर्षी मी गेले तेव्हा तिने बसायला दिलं, पोरांची हालहवाल सांगितली, आणि रानाचा विषय काही मला काढू दिला नाही.

आकडा मी तेव्हाच मांडायला हवा होता. खड्डे ८० सेंटिमीटर अंतरावर घेतले तर हेक्टरी साधारण १५,६०० होतात, म्हणजे अर्ध्या हेक्टरात ७,८००. कडक रानात एका माणसाचे दिवसाला शंभर झाले तरी खूप. म्हणजे एकटीचं अडीच महिन्यांचं काम, आणि तेही ऐन उन्हाच्या तोंडावर. कागदावरच्या आखणीत हे कुठेच दिसत नव्हतं.

म्हणून पुढचं सगळं वाचताना ही वही डोळ्यांसमोर ठेवा. उपाय चांगला की वाईट, हे बहुतेक वेळा तो किती हात मागतो आणि कोणत्या महिन्यात मागतो, यावर ठरतं.

रान नेमकं कशाने बिघडलंय

‘हवामान बदलामुळे जमीन खराब झाली’ एवढं म्हणून भागत नाही. धूप झालेल्या रानाचा उपाय खारवट रानात केला तर श्रम जातात आणि रानही जातं.

सगळ्यात जास्त दिसतो तो पावसाचा मारा. हवा एका अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं. त्यामुळे पडतो तेव्हा धो धो पडतो आणि मधले खंड लांबतात. जुने बांध जुन्या पावसाच्या अंदाजाने घातलेले असतात. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. अर्ध्या हेक्टरवर तासाभरात ५० मिलिमीटर कोसळला तर अडीच लाख लिटर झालं, आणि वरच्या रानातून येणारं पाणी यात धरलेलंच नाही. ते मुरलं नाही तर माती घेऊनच जाणार. हेक्टरवरची १ मिलिमीटर माती गेली तर वजन १२–१३ टन भरतं, आणि डोळ्याला ती गेल्याचं कळतसुद्धा नाही.

दुसरा प्रकार पुराचा: रानावर वाळू किंवा गाळ येऊन बसतो. तिसरा खाऱ्या पाण्याचा, किनाऱ्याजवळ वादळाच्या लाटेने आलेला. चौथा दुष्काळाचा: गवत मेलं, गुरांनी उरलंसुरलं ओरबाडलं, उघड्या मातीवर पपडी धरली आणि पाणी मुरायचं थांबलं. एकाच कुटुंबाच्या रानात दोन-तीन प्रकार शेजारी-शेजारीही असतात.

ओळखायचं कसं? छत्री घ्या आणि भर पावसात रानात जा. हसू नका, माझ्या माहितीत याहून चांगली तपासणी नाही. पाणी कुठून शिरतं, कुठे वेग धरतं, कुठे गढूळ होतं, कुठून बाहेर पडतं, हे अर्ध्या तासात दिसतं. उन्हाळ्यात काढलेल्या नकाशावर ते कधीच दिसत नाही. बरोबर घरातलं म्हातारं माणूस घ्या. एकदा एका आजींनी मला काठीने दाखवलं होतं, “पूर्वी पाणी त्या खडकाला वळसा घालून जायचं. वरच्याने बांध फोडला, तेव्हापासून सरळ आमच्यात उतरतं.” माझ्या आखणीतली अर्धी कामं त्या एका वाक्याने रद्द झाली.

मग दोन छोट्या चाचण्या, त्याही घरच्यांच्या हातून. पहिली ढेकळाची. वाळलेलं ढेकूळ पाण्याच्या ग्लासात अलगद सोडायचं. एक दरवर्षी नांगरल्या जाणाऱ्या रानातलं, दुसरं कुंपणाच्या झाडाखालचं. रानातलं दोन मिनिटांत विरघळून चिखल होतं, झाडाखालचं बराच वेळ आकार धरून राहतं. दुसरी चाचणी डब्याची. साधारण १५ सेंटिमीटर व्यासाचा, दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा अर्धा जमिनीत ठोकायचा आणि त्यात साडेचारशे मिलिलिटरच्या आसपास पाणी ओतायचं. हे बरोबर अडीच सेंटिमीटर पावसाइतकं भरतं. ते मुरलं की पुन्हा तेवढंच ओतायचं आणि दुसऱ्या वेळचा वेळ मोजायचा, कारण पहिलं पाणी नुसती कोरडी माती पिते. झाडाखाली काही मिनिटांत गडप होणारं पाणी पपडीच्या रानात अर्धा तास तसंच चकाकत बसलेलं मी पाहिलंय. मी तासभर बोलून जे पटत नाही, ते त्या डब्याने पटतं.

वरून खाली, पण वरचं रान आपलं नसतं

पाणलोटाच्या कामात ‘माथा ते पायथा’ हे सूत्र आपण सगळेच घोकतो, आणि ते खरं आहे. वरचं पाणी आवरलं नाही तर खालचा प्रत्येक बांध पुढच्या पावसाला उघडा पडतो. पण लहान शेतकऱ्याचा तुकडा नेमका मधे असतो. वर एकाचं, खाली दुसऱ्याचं. पुस्तकात डोंगर अख्खा असतो. खऱ्या गावात त्याचे चाळीस मालक असतात, आणि त्यातले दहा एकमेकांशी बोलत नाहीत.

अशा वेळी दोन गोष्टी करा. एक, वरच्या मालकाकडे तक्रार घेऊन जाऊ नका, डबा घेऊन जा. त्याच्याही रानात चाचणी करा. त्याची माती खाली वाहतेय, म्हणजे नुकसान त्याचंही आहेच. पाणी त्याच्याच हद्दीत दगडाने अडवायला त्याची हरकत नसेल, तर खालच्या कुटुंबाने दगड वाहून द्यायचे, असा व्यवहार मी चार-पाच ठिकाणी जमवला. दोन ठिकाणी तो फिसकटलाही. दोन, तो नाहीच म्हणाला तर आपल्या हद्दीच्या वरच्या कडेला एक चर आडवा घ्यायचा आणि आलेलं पाणी रानाच्या कडेने गवत असलेल्या वाटेने सुरक्षित बाहेर काढायचं. रानात मुरवण्याचा मोह इथे टाळा. दुसऱ्याचं एवढं पाणी आपला बांध पेलत नाही. ते काढून दिलेलं पाणी कुठे जातं हेही बघा, नाहीतर खालच्याच्या दारात नवं भांडण उभं राहतं.

समपातळी काढायची: तीन काठ्या, एक दोरी, एक दगड

उताराला आडवी रेषा डोळ्यांनी काढता येते, असं प्रत्येकाला वाटतं. कुणालाच येत नाही, मलाही नाही. रेषा जरा कलली की पाणी तिच्या कडेने धावत एका जागी गोळा होतं, बांध तिथे फुटतो, आणि बांध नसता तर झाली असती त्याहून मोठी घळ पडते.

दोन मीटरच्या दोन सरळ काठ्या वरच्या टोकाला बांधा आणि पाय फाकवा. मधे तिसरी काठी आडवी बांधा, की झाली घोडी. वरच्या गाठीतून दोरी सोडून तिला दगड बांधा, म्हणजे ओळंबा झाला. दोरी आडव्या काठीच्या जरा खालपर्यंत यायला हवी. आता जुळणी. दोन पाय जिथे टेकतात तिथे खुंट्या मारा आणि दोरी आडव्या काठीला जिथे स्पर्श करते तिथे खूण करा. मग घोडी फिरवा: डावा पाय उजव्या खुंटीवर, उजवा डाव्या खुंटीवर. पुन्हा खूण करा. दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे तुमची पातळी. काठ्या वाकड्या असोत, कमीजास्त असोत, हा मध्य चुकत नाही. मी गणित शिकवायला गेले की पोरं पळतात, पण ही फिरवाफिरवी दहा वर्षांच्या मुलांना पहिल्याच दिवशी जमते आणि मग ती घोडी मोठ्यांच्या हातात देत नाहीत.

रानाच्या वरच्या कडेपासून सुरुवात करा. एक पाय ठेवा, दुसरा वर-खाली सरकवत दोरी मधल्या खुणेवर आली की खुंटी मारा, घोडी पुढे फिरवा, परत तेच. पन्नास मीटरची रेषा पाऊण तासात होते. खुंट्यांची रांग नागमोडी दिसली तर एखाद-दुसरी खुंटी हाताने जरा सरकवून वळण सौम्य करा, पण ‘सरळ छान दिसतं’ म्हणून सरळ करू नका. घरातला कर्ता माणूस हमखास ती सरळ करायला जातो. नांगराला सोपं जातं ना! वारा असेल त्या दिवशी हे काम सोडा, दगड झुलत राहतो आणि पातळी चुकते.

दोन रेषांमधलं अंतर उतारावर. रेषा बदलताना सरळ उंचीत साधारण १ मीटर उतरलात तर शंभर मीटरला पाच मीटर उताराच्या रानात दर वीस मीटरला एक रेषा येते. उतार तीव्र असेल तर त्या जवळ येतात. आता वही काढा. सगळ्या रेषांवर या वर्षी बांध होणार नसेल तर वरची एक पुरी करा, बाकीच्यांवर नुसती गवताची रांग लावा. वाळा मिळाला तर उत्तम. त्याची मुळं सरळ खाली, तीन-चार मीटरपर्यंत जातात, बाजूला पसरून पिकाचं खात नाहीत. मोठी पानं झाल्यावर गुरंही त्याला फारशी तोंड लावत नाहीत. हात-दीड हाताच्या अंतराने ठोंब लावून उपयोग नाही, वीतभराच्या आत लावायचे. फट राहिली की पाणी तिथूनच निघतं.

बांध मातीचा असो की दगडाचा, त्याला सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, हवाच. माझी दुसरी मोठी चूक ही. सुरेख बांध घातला होता, चांगला दाबलेला, आणि सांडवा ठेवला नाही, कारण ‘एक थेंबही बाहेर जाऊ द्यायचा नाही’ हे त्या दिवसांत माझं बोधवाक्य होतं. पहिल्या मोठ्या पावसात पाणी बांधावरून गेलं आणि बांधाचाच लोंढा झाला. सांडवा बांधाच्या माथ्यापेक्षा वीतभर खाली ठेवा, शक्यतो कडेला, जिथली जमीन कठीण आहे. त्याच्या तळाला दगड बसवा आणि खाली पाणी पडेल तिथेही दगड पसरा. वरच्या बांधाचा सांडवा डावीकडे असेल तर खालच्याचा उजवीकडे, म्हणजे पाण्याला रानभर फिरावं लागतं.

दगड मिळत असतील तर मी मातीच्या आधी दगडाकडे वळते. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमध्ये १९८०च्या दशकात दगडांच्या समपातळी रांगा मोठ्या प्रमाणावर पसरल्या. पातळी काढायला तिथे पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरत. या रांगा पाणी अडवून धरत नाहीत, गाळून जाऊ देतात. वेग मोडतो, गाळ मागे बसतो, आणि फुटण्यासारखं त्यात काही नसतं. दगड वेचणं मात्र कष्टाचं काम आहे, आणि दगडांची खाण लांब असेल तर ते एका कुटुंबाचं काम राहत नाही. सावडीने, आज तुझ्या रानात उद्या माझ्या रानात, असं होत असेल तरच ते अंगावर घ्या.

घळ पडलेली असेल तर तिच्या रुंद, खोल तोंडाशी बांध घालायचा मोह होतो, कारण भयानक दिसतं ते तिथलं. पण घळ वाढते वरच्या टोकाने. पाणी कडेवरून खाली कोसळतं, बूड कोरतं, कड ढासळते आणि टोक वर सरकतं. आधी त्या टोकावर येणारं पाणी वळवा, कड तासून उतरती करा, तिच्यावर दगड बसवा. मग खाली अनगड, म्हणजे नुसते दगड रचून केलेल्या, बांधांची माळ. दोन बांधांतलं अंतर असं ठेवा की खालच्याच्या सांडव्याची पातळी वरच्याच्या पायथ्याशी यावी. बांध मधे खोलगट, कडांना उंच आणि दोन्ही काठांत खुपसलेला हवा, नाहीतर पाणी बाजूने वाट काढतं.

खड्डे: थोडेच, पण वेळेत

पपडी धरलेल्या रानासाठी मात्र खड्ड्यांना पर्याय नाही, आणि माझ्या अकरा दिवसांच्या चुकीनंतरही मी ते सांगते. बुर्किना फासोच्या उत्तरेकडच्या याटेंगा भागात याकूबा सवाडोगो नावाच्या शेतकऱ्याने १९८०च्या सुमारास दुष्काळाने कडक झालेल्या जमिनीत जुनी ‘झाई’ पद्धत सुधारून वापरली. खड्डे मोठे घेतले, कोरड्या दिवसांतच खणले आणि त्यांत शेणखत, पालापाचोळा टाकला. त्या खतावर वाळवी येते. वाळवी म्हटलं की आपण दचकतो, पण तिथे ती कडक थरात भोकं पाडते आणि पाणी त्यांतून खाली उतरतं. शेजाऱ्यांनी आधी त्यांना वेड्यात काढलं. २०१८ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला.

खड्डा २०–४० सेंटिमीटर रुंद, १०–२० सेंटिमीटर खोल. उकरलेली माती उताराच्या खालच्या बाजूला चंद्रकोरीसारखी लावायची. तळाला दोन ओंजळी कुजलेलं खत, वर थोडी माती. ओळी एकाआड एक सरकवून घ्यायच्या. मी आता सांगते: रानाचा दहावा हिस्सा, तोही घराजवळचा, आणि वहीत मोकळी जागा आहे त्या महिन्यांत. पाचशे खड्डे नीट, खतासकट झाले तर त्या जागेचं पीक पुढच्या वर्षीच्या हजार खड्ड्यांना हुरूप देतं. खड्डे तसेच ठेवायचे, दुसऱ्या वर्षी नुसते साफ करून पुन्हा वापरायचे. वाळूसर रानात याच्या नादी लागू नका, पहिल्याच पावसात ते भरून जातात.

गुरांसाठी गवत आणि झाडं हवी असतील तर अर्धचंद्र बरा. चार मीटर व्यासाचा, तोंड वरच्या बाजूला. हेक्टरी ३०० च्या आसपास बसतात. आकडा लहान वाटतो, पण एकेक खणायला चांगलाच दम लागतो.

सगळ्यात कमी कष्टाचं काम, जे कुणाला दिसत नाही

ऑस्ट्रेलियाचे टोनी रिनॉडो नायजरमध्ये झाडं लावण्याचा प्रकल्प चालवत होते आणि लावलेली बहुतेक रोपं मरत होती. १९८३ मध्ये वाळूत गाडीच्या टायरची हवा कमी करायला ते थांबले आणि रस्त्याकडेच्या झुडपाकडे बघताना त्यांच्या लक्षात आलं, की हे झुडूप नाही, तोडलेल्या झाडाच्या बुंध्याला फुटलेले कोंब आहेत. जमिनीखाली अख्खं जंगल जिवंत होतं. ते राखल्याने नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडं परत आली.

मी कोणत्याही रानात गेले की आता आधी बुंधे मोजते. दरवर्षी पेरणीआधी ते खरडून काढायची सवय असते, म्हणून ते दिसत नाहीत. घरच्यांना विचारा, कोणतं झाड कापलं की परत परत फुटतं? यादी लगेच मिळते, आणि वैतागलेल्या आवाजात मिळते.

प्रत्येक बुंध्यावर सरळ, जोमदार तीन ते पाच कोंब निवडायचे, बाकीचे धारदार कोयत्याने बुडातून कापायचे. ठेवलेल्या कोंबांच्या बाजूच्या फांद्या निम्म्या उंचीपर्यंत छाटायच्या, त्याहून वर नाही. छाटलेला पाला तिथेच मातीवर पसरायचा, काटक्या सरपणाला. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा फेरी, नवे कोंब काढायचे. वर्ष-दोन वर्षांनी एक खोड कापून घ्यायचं, दुसरा कोंब त्याच्या जागी वाढू द्यायचा. बस. रोपवाटिका नाही, पाणी घालणं नाही, खड्डा नाही. सकाळच्या दोन तासांत एक माणूस बरंच रान उरकतो. खोल मुळांचं झाड एका रात्रीत गेलं तर परत आणायला वर्षं लागतात, आणि इथे ते आयतं उभं असतं.

अडचण शेळ्यांची, आणि मालकीची. शेळ्यांसाठी काटेरी फांद्यांचं वई-कुंपण पहिल्या वर्षापुरतं पुरतं, पण चराईबंदीचं ठरवायचं तर ज्यांच्याकडे शेळ्याच आहेत आणि रान नाही, त्यांना आधी बैठकीला बोलवा. चारा कापून नेण्याचा हक्क त्यांना दिला तर ते राखण करतात. न विचारता बंदी घातली तर रात्री कुंपण मोडतं, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही. मालकीचं तर त्याहून नाजूक. नायजरमध्ये बराच काळ झाडं सरकारची मानली जात, म्हणून ती राखण्यात शेतकऱ्याला रस नव्हता. झाड आपलं असं वाटू लागल्यावर ती वाढली. रान वाट्याने किंवा खंडाने कसणाऱ्या कुटुंबाला विचारा, पाच वर्षांनी हे रान तुमच्याकडेच असेल का? खात्री नसेल तर बांध आणि झाडाऐवजी याच हंगामात परतावा देणारं काम घ्या: आडवी पेरणी, आच्छादन, खताचे थोडे खड्डे. नाहीतर सुधारलेलं रान मालक काढून घेतो, आणि ते तुमच्या मदतीमुळे घडलेलं असतं. शक्य असेल तिथे काही वर्षांचा करार लिहून घ्या. नावावर फक्त पुरुष असेल आणि राबणारी बाई असेल, तर झाडांच्या लाकडाचा, चाऱ्याचा हक्क कुणाचा, हेही त्याच कागदात येऊ द्या.

मातीला खायला काय घालायचं

कंपोस्टवर लिहिलेलं भरपूर आहे, मी थोडक्यात उरकते. सुका पाचोळा जास्त, हिरवा पाला आणि शेण कमी, ओल मुठीत दाबली तर दोन थेंब गळतील इतकी, आणि ढीग निदान कमरेच्या उंचीचा, नाहीतर तापत नाही. एवढं पाळलं तर होतं.

खरा प्रश्न वेगळा आहे. पिकाचा सांगाडा मातीवर पसरा, असं आपण सांगतो. तोच सांगाडा गुरांचा चारा असतो आणि चुलीचं जळणही. मातीसाठी गुरांना उपाशी ठेवा, असं कोण ऐकेल? म्हणून आच्छादन वेगळं उगवावं लागतं: बांधावर गिरिपुष्प, जे छाटलं की पुन्हा फुटतं, किंवा मुख्य पिकाच्या ओळींत ताग, धैंचा, फुलोऱ्याआधी कापून तिथेच टाकायचा. रानभर पातळ थर देण्यापेक्षा एका तुकड्यावर मातीचा रंग दिसणार नाही इतका जाड थर द्या. पातळ थर वाऱ्याने जातो आणि ‘करून बघितलं, काही होत नाही’ हे वाक्य घेऊन परत येतो.

वाळू आणि मीठ

पुराने आलेली वाळू पाच सेंटिमीटरच्या आत असेल तर नेहमीची नांगरट तिला मातीत मिसळते. वीतभरापर्यंत असेल तर खोल नांगरून खालची माती वर आणावी लागते. त्याहून जास्त थर हाताने उचलणं एका कुटुंबाच्या आवाक्यातलं नाही, तिथे यंत्राची मदत मिळवून देणं हेच तुमचं काम. मिळेपर्यंत वेलवर्गीय पीक खड्डे करून, खाली माती-खत भरून घेता येतं. आधी थर खणून बघा मात्र. वाळू समजून फेकलेला थर कधीकधी बारीक पोयटा निघतो. पाणी बरेच दिवस साचलं असेल तर पिकाच्या मुळांशी राहणारी उपयोगी बुरशी कमी होते आणि पुढचं पीक स्फुरद असूनही पिवळं-जांभळं, खुरटं राहतं. रान रिकामं न ठेवता काहीतरी हिरवं उगवू देणं हा त्यावरचा साधा उपाय.

मिठाच्या रानात घाई करू नका. मे २००९ मध्ये आयला वादळाने सुंदरबनात समुद्राचं पाणी शेतांत घुसलं, तिथे सगळ्यात आधी हवं होतं ते बांध दुरुस्त करून नवं खारं पाणी थांबवणं आणि आतलं पाणी बाहेर काढणारी चरी. पावसाचं गोडं पाणी रानात अडवायचं, मुरू द्यायचं, मग चरीतून बाहेर सोडायचं. मीठ खाली आणि बाहेर धुतलं जातं. निचऱ्याची वाट नसेल तर हे सगळं व्यर्थ आहे. कोरड्या दिवसांत रान उघडं ठेवलं तर बाष्पीभवनाने मीठ पुन्हा वर चढतं, म्हणून झाकून ठेवा. जिप्सम (माती सुधारायला टाकतात ते खनिज) प्रत्येक खारवट रानाला लागत नाही. वर मिठाचा पांढरा थर आलेली, भुसभुशीत माती बहुधा नुसती खारवट असते, तिला धुणं पुरतं. ओली असताना चिकट, वाळली की दगड, सामू (pH) ८.५ च्या वर, पाणी डबक्यासारखं साचून राहतं, ती चोपण. जिप्सम तिला. किती, हे प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय सांगू नका.

मोजत राहा, घरच्यांच्या हातून

एका दगडावर उभं राहून, दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच दिशेने फोटो. रानात चार ठिकाणी लोखंडी सळ्या ठोकून जमिनीशी रंगाची खूण. माती गेली की सळई उघडी पडते, गाळ बसला की खूण बुडते. डब्याची चाचणी वर्षातून एकदा. एवढं पुरे. मुलांकडे हे काम दिलं की वही हरवत नाही.

आणि पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, इतर कुठलीही बैठक रद्द करून, रानात जा. बांधावरून चालत प्रत्येक सांडवा बघा. कुठे पाणी बाजूने गेलंय, कुठे खेकड्याने किंवा उंदराने भोक पाडलंय, कुठला दगड हललाय, तिथे खुंटी मारा. मग ओट्यावर बसून वही उघडा, त्या महिन्याच्या चौकोनावर बोट ठेवा आणि विचारा, या आठवड्यात दोन तास कुणाला मोकळे आहेत?